गावाची जाण आणि विद्यापीठाची वही

गोव्यातल्या सांगे तालुक्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ नावाची जागा आहे. पणसायमळ या नावानेही ती ओळखली जाते. तिथल्या जांभ्या कातळावर बैल, हरणे, मोर, नाचणारी बाई आणि आत आत वळत जाणारी वर्तुळे अशी शंभराहून अधिक चित्रे कोरलेली आहेत. पुरातत्त्व अभ्यासकांच्या नजरेस ही जागा आली ती मे १९९३ मध्ये, आणि तीसुद्धा गावच्या लोकांनी दाखवली म्हणून. लेखांतून मात्र 'या चित्रांचा शोध १९९३ साली लागला' असे वाक्य वारंवार येते आणि ते वाचताना मला दरवेळी हसू येते. ज्यांचा त्या काठावर रोजचा वावर होता त्यांना तो कातळ ठाऊक होता, म्हणून तर त्यांना तो दाखवता आला.

मात्र एवढ्यावरून अभ्यासकांना तिथे करण्यासारखे काही नव्हते असे म्हणता येणार नाही. जागा ठाऊक असणे वेगळे आणि त्या जागेविषयी पुराव्यानिशी काही सांगता येणे वेगळे. ही चित्रे किती जुनी, कोकणात अन्यत्र अशी चित्रे आहेत का, कोणत्या हत्याराने ती कोरली गेली, पुराच्या गाळाने दरवर्षी त्यांची किती झीज होते, हे प्रश्न गावात सहसा पडत नाहीत आणि पडले तरी त्यांची उत्तरे नुसत्या आठवणीतून मिळत नाहीत. उलट, नदीचे पाणी कोणत्या बाजूने चढते, गाळ कुठे साचतो, पलीकडच्या माळावर आणखी कुठे असे कोरीव काम आहे, हे विद्यापीठातल्या कोणत्याही नकाशावर नसते. 'विद्यापीठ आणि लोकसमूह यांची भागीदारी' असा जो जड शब्दप्रयोग अलीकडे प्रकल्पांच्या कागदांत दिसतो, त्याचा साधा अर्थ या दोन प्रकारच्या जाणकारीची गाठ घालणे असा आहे. ती गाठ कशी पडते आणि कुठे सुटते, हे गोव्यातल्याच उदाहरणांवरून पाहू.

उसगाळीमळचेच घ्या. दुपारच्या उभ्या उन्हात तिथे गेले तर चित्रे जवळजवळ दिसतच नाहीत. पाऊण एक इंच खोलीची रेघ आणि कातळाचा मूळचा खडबडीतपणा यांत डोळा फसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर प्रकाश तिरपा पडतो, रेघेच्या एका काठाची सावली खाचेत उतरते आणि बैलाची पाठ एकाएकी उठून दिसते. हौशी पर्यटक ही वेळ साधण्याऐवजी रेघांत खडू भरतात. खडूचा कण जांभ्याच्या छिद्रांत जाऊन बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खडू भरणाऱ्याला जी रेघ दिसली तीच पुढच्या प्रत्येक फोटोत पक्की होते, मग ती मुळात असो वा नसो. अभ्यासक यासाठी निराळी रीत वापरतात. कातळाचे प्रत्येक वेळी थोडे सरकून, एकमेकांवर बराचसा भाग येईल असे शेकडो फोटो काढले जातात आणि संगणक त्यांतले सामाईक बिंदू जुळवून पृष्ठभागाचे उंचसखल रूप तयार करतो. त्यावर मग पडद्यावरच हव्या त्या दिशेने उजेड पाडता येतो. कातळाला हात न लावता चित्र वाचता येते, आणि पाच वर्षांनी पुन्हा तसेच फोटो काढले तर कुठे किती झीज झाली हेही मोजता येते.

काळ ठरवण्याचे काम याहून कितीतरी अवघड आहे. कार्बन-१४ ही पद्धत कोळसा, हाड, लाकूड, बी अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंनाच लागू पडते. कातळावरची रेघ म्हणजे दगड काढून टाकल्यावर उरलेली पोकळी, आणि पोकळीचे वय मोजण्यासाठी तिथे काही शिल्लकच नसते. म्हणून शैली, कोरण्याची पद्धत, चितारलेले प्राणी आणि आसपास मिळणारी दगडी हत्यारे यांवरून अंदाज बांधावा लागतो आणि त्यामुळेच निरनिराळ्या अभ्यासकांच्या अंदाजांत हजारो वर्षांचे अंतर पडते. एखाद्या फलकावर 'इतक्या हजार वर्षांपूर्वीची' असा ठाम आकडा दिसला तर वाचकाने तो अंदाज म्हणूनच वाचावा. तुलनेचा मार्ग मात्र अलीकडे बराच मोकळा झाला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात स्थानिक हौशी अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरची, कातळशिल्पे नोंदवली, आणि त्या मेहनतीच्या आधारे कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. त्या यादीतल्या नऊ स्थळांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले कुडोपी आणि एक आपले पणसायमळ. ही साखळी सुरू झाली ती सड्यावर गुरे घेऊन फिरणाऱ्यांच्या सांगण्यावरून.

आता दगडावरून चिखलात उतरू, कारण गोव्याच्या वारशातला सर्वांत गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग चिखलातच आहे. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या मुखाकडच्या भागात भरतीचे खारे पाणी अडवून तयार केलेल्या सखल शेतजमिनींना आपण खाजन म्हणतो. राज्यात असे सुमारे १८,००० हेक्टर क्षेत्र आहे, आणि त्यातला बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असतो. ही जमीन टिकते ती तीन गोष्टींवर: मातीचे बांध, आतले पाणी वाहून नेणारी पोंय आणि बांधात बसवलेली मानस. मानस म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी आत शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले साचलेले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. वीज नाही, मोटर नाही. चंद्र आणि समुद्र मिळून दिवसातून दोनदा हा दरवाजा लावतात आणि उघडतात. ओहोटीच्या वेळी या दरवाजापाशी जाळे लावले की सुंगटे, शेवटे, कुर्ल्या मिळतात, आणि ती मासळी धरण्याचा हक्क लिलावाने, म्हणजे आपल्या भाषेत मानशीची पावणी करून, दिला जातो.

अभियंत्याला मानशीची झडप चटकन कळते. जे चटकन कळत नाही ते म्हणजे तिच्याभोवतीची माणसांची व्यवस्था. बांधाला भगदाड पडले तर रात्री कोणी धावायचे, माती कुठून आणायची, पावणीचे पैसे कशावर खर्चायचे, हे पूर्वी गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, आजच्या भाषेत कोमुनिदाद, ठरवीत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्यांचे हक्क पक्के झाले आणि बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात कुळांच्या संघटनांकडे गेली. हक्क मिळणे न्याय्यच होते. पण त्यानंतर अनेक ठिकाणी शेती परवडेनाशी झाली, पावणी घेणाऱ्याला भातापेक्षा मासळीत जास्त रस वाटू लागला आणि खारे पाणी मुद्दाम आत घेण्याच्या तक्रारी वाढल्या. एकदा मीठ मुरलेल्या शेतात पुन्हा भात घेणे सोपे नसते. म्हणून खाजनाचा अभ्यास करणाऱ्याला क्षारता मोजण्याचे यंत्र जितके लागते तितकाच पावणीच्या अटींचा कागद लागतो, आणि अमुक साली बांध का फुटला याची खरी गोष्ट सांगणारा म्हातारा कूळ तर त्याहून आधी लागतो.

याच चिखलात कोरगुट नावाचे भात होते. ते उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उत्पन्नही बेताचे देते. पण मीठ सोसते, आणि खाजनात हा एकच गुण बाकी सगळ्या दोषांवर मात करतो. जुने गोवे येथील एला गावात भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खाजनासाठी नवे वाण काढताना हे कोरगुटच आधाराला घेतले. रीत समजायला सोपी आहे. शेतकऱ्याच्या घरी ठेवलेले पारंपरिक बियाणे कधीच एकजिनसी नसते. त्यात थोडी निराळी अशी अनेक रोपे मिसळलेली असतात. त्यांतली चांगली कणसे निवडायची, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरायचे, खारटपणात कोणती ओळ तग धरते आणि दाणा चांगला भरते ते पाहायचे, आणि हीच निवड हंगामामागून हंगाम करीत जायची. 'गोवा धान' या मालिकेतले पहिले वाण अशा निवडीतून आले. शास्त्रज्ञांचे श्रम यात निर्विवाद आहेत, पण ज्या बाईने दरवर्षी कोरगुटाचे बी वेगळे काढून, सुकवून कणगीत ठेवले, तिने ते एक वर्ष जरी चुकवले असते तर निवडायला काहीच उरले नसते. अशा वाणाच्या माहितीपत्रकावर तिच्या गावाचे नाव छापले जावे, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

कागदांचा मामला निराळा आहे. पणजीतल्या पुराभिलेख खात्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. दियोगु दु कौतु हा इतिहासकार या दप्तराचा पहिला रक्षक होता. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार जपणाऱ्या 'मान्सूनच्या ग्रंथां'पासून मोडीतल्या मराठी कागदांपर्यंत तिथे बरेच काही आहे. अफोंसु मेशिया याने १५२६ साली तयार केलेल्या फोरालात, म्हणजे हक्क आणि कर ठरवणाऱ्या सनदेत, तिसवाडीतल्या गावकारीचे रीतिरिवाज नोंदवलेले आहेत. राज्यकर्त्याचा हेतू महसूल नीट वसूल व्हावा हा होता, आणि तरीही त्यामुळेच गावाच्या कारभाराचे सर्वांत जुने लेखी वर्णन आपल्या हाती आले. येथे गावाच्या आठवणीला मर्यादा पडते, हे मान्य करायला हवे. आजोबांच्या आजोबांपलीकडचे बहुतेक घरांत कोणालाच सांगता येत नाही, आणि जे सांगितले जाते त्यात घराण्याचा मान सांभाळण्याची ओढ असते. सोळाव्या शतकातली पोर्तुगीज हस्तलिपी किंवा मोडी वाचता येणारा माणूस तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात, आणि हे प्रशिक्षण विद्यापीठाशिवाय दुसरीकडे मिळणे दुर्मिळ.

तरीसुद्धा कागद एकटा मुका असतो. जुन्या नोंदीत शेताचे नाव येते, पण पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे ते रोमी अक्षरांत लिहिलेले असते. 'ळ' आणि 'ल' एक झालेले, 'ड' की 'द' ते कळत नाही, अनुनासिक कुठे आहे त्याचा पत्ता नाही. विद्यापीठात बसून त्या नावाच्या चार संभाव्य व्युत्पत्ती मांडता येतात. तोच कागद घेऊन त्या वाड्यावर गेले की तिथली एखादी बाई क्षणात सांगते, 'हें आमच्या मानशीकडचें शेत,' आणि चारातल्या तीन व्युत्पत्ती गळून पडतात. आगरवाडा या गावाच्या नावातच मिठागर आहे. अशी शेकडो छोटी नावे शेतांना, झरींना, खुंटांना अजून चिकटलेली आहेत. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातल्या कोसबे येथे झाला. इतिहास वाचायचा तर ग्रंथांइतकेच पायांनी फिरावे, लोकांच्या चालीरीती आणि गावाची रचना पुरावा म्हणून पाहावी, हा आग्रह भारतात ज्यांनी सर्वांत ठामपणे धरला त्यांत ते अग्रभागी होते, आणि गोव्यातल्या गावकारीवर त्यांनी स्वतः लिहिले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचे अतिथी अध्यासन आहे. विद्यापीठ ज्या ताळगावच्या पठारावर उभे आहे त्याच्या पायथ्याशी दरवर्षी २१ ऑगस्टला कणसाचे फेस्त होते आणि नव्या भाताची पहिली कणसे कापली जातात. पठारावरून खाली उतरायला दहा मिनिटे पुरतात. तेवढी पावले किती अभ्यासकांनी टाकली, हा प्रश्न मी येथे फक्त विचारून ठेवतो.

दगड, भात आणि कागद यांच्यापेक्षा गाण्यांची नोंद अधिक नाजूक, कारण तिथे वारसा माणसाच्या गळ्यात असतो. पौषातल्या रात्री बायका मांडावर जमतात, समोरासमोर दोन ओळी करतात आणि धालोची गाणी सुरू होतात. मांड ही वाड्यावरची पवित्र जागा. तिथे पायांत वहाणा चालत नाहीत आणि अनेक गावांत ती गाणी हंगामाबाहेर म्हणणे बरे मानत नाहीत. अभ्यासकाला मात्र मे महिन्यात सुट्टी असते. तो मे महिन्यात येतो, अंगणात खुर्ची मांडतो आणि 'जरा दोन कडवी म्हणून दाखवा' म्हणतो. बाई भिडेखातर म्हणते, पण ओळीतली दुसरी बाजू नसते, उत्तराची ओळ नसते, आणि कागदावर उतरते ते अर्धे गाणे.

आमच्या पेडण्यातल्या घरी पस्तीसएक वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले होते. ते एका संस्थेचे होते. तीन संध्याकाळी त्यांनी माझ्या काकीला टेपरेकॉर्डरपुढे बसवले. काकीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, धालोची गाणी म्हटली, मध्येच खोकला आला तेव्हा ती लाजून थांबली, तर ते म्हणाले, 'वहिनी, चालू दे, नंतर काढून टाकू.' जाताना 'कॅसेटची प्रत पाठवतो' असे सांगून गेले. प्रत आली नाही. काकी गेल्यावर आम्ही दोनदा पत्र लिहिले, एकदा प्रत्यक्ष जाऊन आलो. जुने साहित्य हलवताना कुठे गेले ते सापडत नाही, असे उत्तर मिळाले. मला त्या ओव्यांपेक्षा तो खोकला ऐकायचा होता.

असे होऊ नये म्हणून आता ज्या पद्धती रूढ होत आहेत त्या फार गूढ नाहीत. रेकॉर्डिंगच्या आधी, ते कशासाठी, कुठे ठेवले जाईल आणि कोण ऐकेल हे सांगून संमती घ्यायची. ती संमती कागदावरच्या सहीपुरती असून भागत नाही, कारण 'हे गाणे ठेवा, ते नको' असे नंतरही म्हणण्याची मुभा बाईला असायला हवी. गायिकेचे नाव घालायचे की नाही हे तिनेच ठरवायचे. एक प्रत गावात राहील अशी सोय करायची, मग ती शाळेत असो, वाचनालयात असो की पंचायतीत. आणि निष्कर्ष गावाला वाचता येतील अशा भाषेत लिहायचे. ही शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण माझ्या मते घोडे तिथेच अडते. प्राध्यापकाची बढती इंग्रजी नियतकालिकातल्या लेखावर ठरते. मराठीत किंवा कोकणीत गावासाठी लिहिलेली वीस पानांची पुस्तिका त्या हिशेबात जवळजवळ धरलीच जात नाही. गोव्यात गावाचा इतिहास गावापर्यंत पोचला तो बराचसा मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्यांतून, शाळामास्तरांनी आणि हौशी लेखकांनी लिहिलेल्या लेखांतून. त्यांत चुका होत्या, अभिनिवेशही होता, पण लोक ते कापून फाइलीत ठेवत.

कायद्यानेही या देवाणघेवाणीला काही ठिकाणी आकार दिला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायत क्षेत्रात समिती नेमून लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. गावातली झाडे, बियाणी, मासे, औषधी मुळ्या, देवराया यांची माहिती जाणकारांना विचारून तीत उतरवली जाते. ही नोंदवही मनापासून झाली की ती गावाचा दस्तऐवज ठरते. एखाद्या ठेकेदाराने शेजारच्या गावाची यादी नाव बदलून चिकटवली की ती रद्दी. भौगोलिक मानांकनाचेही तसेच. फेणीला ते २००९ मध्ये मिळाले, पुढे काणकोणातल्या खोला मिरचीलाही मिळाले. मानांकनाचा अर्ज उत्पादकांच्या समूहाच्या नावाने होतो, पण हा पदार्थ याच मातीतला आणि इतका जुना आहे हे दाखवायला जुने दस्तऐवज आणि प्रयोगशाळेतले पृथक्करण दोन्ही लागतात. तिथे गाव आणि संशोधक यांना एकमेकांवाचून गत्यंतरच नसते.

सर्वांत मोठा बदल मात्र कोणत्याही कायद्याने आणलेला नाही. पूर्वी अभ्यासक बाहेरून येई. आता पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण येथल्या वाड्यांवरच्या मुली आणि मुलगे एम.ए.ला, पीएच.डी.ला बसतात आणि विषय म्हणून आपलेच गाव निवडतात. त्यांना पौषात सुट्टी काढावी लागत नाही, कारण त्या रात्री त्या स्वतःच ओळीत उभ्या असतात. अडचणी त्यांनाही आहेत. आजीचे म्हणणे तपासून पाहायचे म्हटले तर आजी रागावते, आणि न तपासता लिहिले तर मार्गदर्शक रागावतात.

आमच्याच भागातली अशी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी धालोच्या गाण्यांची वही छापून, सोबत पेनड्राइव्ह घेऊन, मांडावर परत आली. तिला वाटले होते बायका कौतुक करतील. बायकांनी चष्मे लावले, पेन्सिल मागून घेतली आणि दुरुस्त्या सुरू केल्या. एका ओळीत आबोली की शेवंती, यावरून वरचा वाडा आणि खालचा वाडा अशा दोन बाजू पडल्या. रेकॉर्डिंग लावून पाहिले, तर त्यात दोन्ही फुले एकदमच ऐकू आली. वहीच्या नव्या प्रतीत त्या ओळीसमोर तिने दोन्ही पाठ छापले आहेत, आणि वरच्या वाड्याचा आधी का, म्हणून खालच्या वाड्याने अजून ती प्रत घेतलेली नाही.